ओल्या फुलांचं वजन

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे की दिवाळीचा अंक आहे, तेव्हा विमानांच्या चार गमती लिहून पाठवाव्यात. गमती आहेत. पण मी विमानं उडवली नाहीत. ती दुरुस्त केली आणि पडली तेव्हा गोळा करून आणली. त्यामुळे माझ्या गमती जमिनीवरच्या आहेत आणि त्यांतल्या एकीच्या शेवटी एक गृहस्थ जन्मभर काठी घेऊन चालले. फराळ करता करता वाचणाऱ्यांनी एवढं आधी ध्यानात घ्यावं.

महायुद्धाच्या आधीची पाच वर्षं मी नाशिकला शहराबाहेरच्या माळावर एका लहानशा हवाई कंपनीत नोकरीला होतो. कागदोपत्री माझा हुद्दा ग्राउंड इंजिनिअर. सगळा माळ मला मिस्त्री म्हणे आणि मलाही तेच बरं वाटे, कारण रेल्वेच्या कारखान्यात दहा वर्षं हात काळे करून मी तिथे आलो होतो. माळावर मुरूम दाबून केलेली धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि खांबाला बांधलेली वाऱ्याची पिशवी, एवढाच आमचा विमानतळ. विमानं दोन. त्यांतलं मोठं होतं ते दोन एंजिनांचं: लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड, कापडावर रोगणाचे थर आणि पायलट धरून पाच जणांची जागा.

दोन एंजिनं म्हटली की लोकांच्या चेहऱ्यावर एक निश्चिंती येई. एक बंद पडलं तर दुसरं आहेच, हा हिशेब सगळ्यांना पटकन समजे. त्यातली मेख कुणाच्या ध्यानात येत नसे. गाडीला जुंपलेल्या जोडीतला एक बैल बसला तर गाडी सरळ जात नाही, बसलेल्या बैलाकडे वळते. विमानाचंही तसंच होतं. शिवाय गाडी थांबवता येते. बंद पडलेल्या एंजिनाचा पंखा त्या काळी वाऱ्याने नुसता गरगर फिरत राही आणि विमानाला मागे ओढी. पायलटने सगळा जोर लावून पायाने सुकाणू दाबून धरायचं आणि वेग कमी होऊ द्यायचा नाही. वेग एका मर्यादेखाली गेला की सुकाणूचं काही चालत नाही आणि चालू असलेलं एंजिनच विमानाला कुशीवर उलटवतं. त्यातून नाशिक समुद्रापासून दोन हजार फूट उंच. चैत्र-वैशाखात माळावरची हवा तापून विरळ झाली की भरलेलं विमान एका एंजिनावर वर चढतच नसे. हळूहळू खाली येई, इतकंच. म्हणजे दुसऱ्या एंजिनामुळे तुम्हाला पडायला जागा शोधण्यापुरती सवड मिळे.

अशी सवड वाया घालवणारेही पाहिले. एका हौशी गोऱ्या साहेबाचं उजवं एंजिन हवेत धडधडायला लागलं. ते बंद करावं म्हणून गडबडीत त्याने डावं बंद केलं. उजवं आधीच गेलेलं. मग जी शांतता पसरली ती, तो म्हणे, चर्चमध्येसुद्धा ऐकली नव्हती. विमान जोंधळ्यात उतरलं. आम्ही धावत पोचलो तेव्हा शेताचा मालक कमरेवर हात ठेवून साहेबाला विचारत होता, "सायेब, वाट चुकला का? तिकडं लय मोठा माळ हाय की मोकळा!" साहेबाने पाइप पेटवला. चुकीचं एंजिन बंद करणं हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं. पण त्या धंद्यात ते शहाण्यांच्या हातून होई. जीव मुठीत असला की उजव्या-डाव्याचा भरवसा राहत नाही.

दुसरा एक पायलट पावसाळ्यात मुंबईहून येताना रेल्वेचे रूळ धरून येई. खाली रूळ दिसतायत तोवर वाट चुकायचा प्रश्न नाही, हे त्याचं शास्त्र. एकदा घाटात ढग उतरले होते, हा रुळांच्या वर शंभर-दीडशे फुटांवरून आला आणि रूळ बोगद्यात शिरले. आगगाडीच्या मागोमाग बोगद्यात जाणं काही विमानाला जमत नाही. झाडं ओरबाडत तो कसाबसा वळला आणि परत गेला. चाकात अडकलेली करवंदीची फांदी मी त्याला काढून दिली. ती त्याने बरेच दिवस टेबलावर ठेवली होती.

पण माझं स्वतःचं खातं वजनाचं होतं. विमानाला किती ओझं झेपेल याला मर्यादा असते आणि ती मर्यादा मोडणं हे लहान विमानं पडण्याचं सगळ्यांत साधं कारण. सटाण्याच्या एका कांद्याच्या वखारीतून मी फळीचा वजनकाटा आणवला होता. प्रत्येक प्रवासी, त्याची ट्रंक, त्याचा फिरकीचा तांब्या, सगळं त्या काट्यावर चढल्याशिवाय विमानात चढत नसे. लोकांना ते आवडत नसे. वजन केल्याने दृष्ट लागते म्हणून कुणी नाराज, तर कुणाला आपण कांद्याचं पोतं झाल्यासारखं वाटे. पंचवटीतल्या एक वयस्क यजमानीणबाई काट्यावर उभ्या राहून मला म्हणाल्या, "मिस्त्री, माझी तुला करताच आहात तर दुसऱ्या बाजूला गूळ तरी ठेवा. वाटून टाकू." मी मान खाली घालून आकडा लिहून घेतला. खोटं कशाला सांगू, त्या काट्याचा मला अभिमान होता. वजनाचा तक्ता मी करायचा, खाली सही करायची आणि तो पायलटच्या हाती द्यायचा.

आमचे पायलट दिघे. वय सव्वीस-सत्तावीस, बोलणं कमी, हात हलका. विमान उतरवताना चाकं जमिनीला लागली हे आतल्या माणसाला कळत नसे. तक्ता हातात आला की दिघे आकड्यांकडे बघत नसत. खाली माझी सही आहे एवढं बघायचे, घडी करून खिशात घालायचे. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत त्यांची नेमणूक होण्याचं घाटत होतं आणि त्यासाठी लायसन्सावर एकही डाग नसणं जरुरीचं होतं. विमान चालवण्यापलीकडे या माणसाला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं अशी इच्छाही नव्हती.

आमचा तिसरा माणूस कादरभाई. मूळचे मालेगावचे, विणकराच्या घरातले. पंखांचं कापड शिवायचं काम त्यांचं. टाका इतका एकसारखा की बोट फिरवलं तरी गाठ लागू नये.

त्या चैत्रात सटाण्याचे धोंडूशेठ आमच्याकडे आले. कांद्याचे मोठे व्यापारी. पंचवटीत त्यांनी धर्मशाळा बांधली होती आणि तिच्या वास्तुशांतीला आकाशातून पुष्पवृष्टी व्हावी अशी त्यांची इच्छा होती. फुलं ते स्वतः उधळणार, शेजारी बसून उपाध्याय मंत्र म्हणणार. मी त्यांना वजन, ऊन, विरळ हवा सगळं समजावून सांगितलं. ते हसले.

"मिस्तरी, दोन इंजन शेतस ना? एक बंद पडनं तरी दुसरं शे. मंग भेवानं काय?"

मी म्हटलं, "शेठ, तसं नसतं ते." पण बुकिंग झालं होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी फुलांच्या बारा टोपल्या शेडमध्ये आल्या. गुलाब, मोगरा, थोडा झेंडू. मी त्या एकेक करून काट्यावर घेतल्या. एकूण भरल्या तीन मण. विमानातल्या मागच्या दोन खुर्च्या काढल्या, शेठ आणि उपाध्याय यांना काट्यावर उभं केलं, पेट्रोल मोजलं, बेरीज केली. मर्यादेच्या जेमतेम आत. तक्त्यावर सही करून मी घरी गेलो. फुलांजवळ शेठजींचा माळी राखणीला राहिला.

सकाळी नवाची वेळ ठरली होती. पंचवटीतले विधी लांबले, मुहूर्त पुढे गेला आणि शेठ व उपाध्याय माळावर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन चांगलंच तापलं होतं. उजव्या एंजिनाचा एक प्लग मला बदलावासा वाटला म्हणून मी शिडीवर होतो. खाली टोपल्या विमानात चढवत होते. काल संध्याकाळी हमाल एकेक टोपली एकट्याने उचलत होता. आज दोघे जण मिळून उचलत होते. हे मी शिडीवरून पाहिलं. देवाच्या कामाची फुलं आहेत, सांभाळून नेत असतील, असं माझ्या मनात आलं आणि मी पान्याकडे वळलो.

कादरभाई शिडीखाली आले. "मिस्त्री, टोपल्या भारी लागतायत. काट्यावर घेऊ का परत?"

"काल घेतल्यात ना! मुहूर्त टळतोय, कादरभाई."

ते टोपल्यांकडे परत गेले. मी खाली उतरलो, हात पुसले, कालचा तक्ता दिघ्यांना दिला. त्यांनी सही पाहिली, घडी करून खिशात घातली.

विमान नेहमीपेक्षा लांब धावलं. शेपटी उशिरा उचलली. पट्टीच्या टोकाशी ते जमिनीवरून सुटलं, शे-दीडशे फूट वर गेलं असेल नसेल, आणि डावं एंजिन खोकून गप्प झालं. दिघ्यांनी परत वळायचा मोह केला नाही. असं परत वळताना पुष्कळ जण मेलेले आहेत. त्यांनी नाक समोर धरलं. समोर नाला, नाल्याच्या काठाने बाभळी आणि पलीकडे कांदा काढून मोकळं झालेलं मोठं शेत. बाभळी ओलांडल्या की झालं. पण विमान खाली खाली येत होतं, अपेक्षेपेक्षा लवकर येत होतं. बाभळींवरून काढायला दिघ्यांनी नाक थोडं उचललं. तेवढ्याने वेग गेला, डावा पंख खाली झुकला, बाभळीत अडकला आणि विमान शेतात कुशीवर पडलं.

आम्ही पोचलो तेव्हा पंख्यांचा आवाज थांबला होता आणि अर्ध्या शेतावर गुलाब पसरले होते. शेठजींचा पाय दोन ठिकाणी मोडला होता, उपाध्यायांच्या गळ्याजवळचं हाड. दिघ्यांचं कपाळ फुटलं होतं, पण त्यांनी आधी दोघांना बाहेर काढलं होतं. तिकडे पंचवटीत लोक दुपारपर्यंत हात जोडून आभाळाकडे बघत उभे होते, असं नंतर कळलं. दवाखान्यात शेठजींनी मला पहिला प्रश्न केला, "मिस्तरी, फुलं पडनात का?"

"पडली, शेठ. कांद्याच्या शेतात."

"मंग काय हरकत नही," ते डोळे मिटून म्हणाले. "कांदाबी आपला देवच शे."

दुसऱ्या दिवशी मी माळ्याला गाठलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत? उलट तो कौतुकानेच सांगत होता. "उन्हाळ्याचं दिस. फुलं सुकली असती तर शेठ काय म्हनले असते? गोनपाट भिजवून गुंडाळली टोपल्यांना. पहाटंपतुर पानी मारत व्हतो. लय टवटवीत ठिवली व्हती बघा."

उन्हाळ्यात फुलं अशीच जपतात. नाशिकचा कुठलाही माळी हेच करील आणि हे मला जन्मापासून ठाऊक होतं. मी बाजारातून एक टोपली गुलाब आणले, वजन केलं. ओलं गोणपाट गुंडाळलं, पाणी मारलं, पुन्हा वजन केलं. दीडपट. म्हणजे बारा टोपल्यांचे तीनाचे साडेचार मण झाले होते. काट्यावर न चढलेला एक धडधाकट माणूस मी विमानात बसवला होता.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून चौकशीला अधिकारी आले. गोरे होते, सभ्य होते, काम मन लावून करत होते. डाव्या एंजिनात एका व्हाल्व्हची स्प्रिंग तुटलेली सापडली. त्यात कुणाचा दोष नव्हता, नवीन स्प्रिंगही तुटते. पंखांचे टाके त्यांनी भिंगातून तपासले आणि कादरभाईंची पाठ थोपटली. मग ते वजनाकडे वळले. शेतातून गोळा केलेल्या टोपल्या, गोणपाटं आणि फुलं तीन दिवस चैत्राच्या उन्हात शेडबाहेर पडून होती. साहेबांनी माझ्याच काट्यावर ती घालायला सांगितली. फुलांचा पाचोळा झाला होता. वजन तक्त्यापेक्षा बरंच कमी भरलं. काही फुलं शेतात राहिली असतील असं धरून साहेब समाधानाने माझ्याकडे वळले.

"तक्त्यावरचं वजन तुम्ही स्वतः केलं?"

"हो, साहेब. स्वतः केलं."

यात एक शब्द खोटा नव्हता. कधी केलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. "या माळावर निदान कागद तरी चोख आहे," असं ते म्हणाले.

मग दिघ्यांना बोलावलं. कपाळाला पट्टी होती. वेग का गमावला, या प्रश्नाला ते म्हणाले, "विमान जड लागत होतं."

साहेबांनी तक्ता पुढे सरकवला. "वजन तर मर्यादेत आहे."

दिघ्यांनी तक्त्याकडे पाहिलं. नेहमीसारखं खाली, सहीकडे. मग म्हणाले, "मिस्त्रींचं वजन चुकत नाही. माझाच अंदाज चुकला असेल."

मी चार हातांवर उभा होतो. बाहेर आल्यावर कादरभाईंनी मला शेडच्या मागे नेलं. मला वाटलं, आता हे बोलतील. ते एवढंच म्हणाले, "मी दर्जी माणूस. साहेबाने टाक्याचं विचारलं, मी टाक्याचं सांगितलं. वजन तुमचं खातं."

निकाल आला. एंजिन बंद पडणं हे अपघाताचं कारण नव्हे, एंजिन बंद पडल्यावर वैमानिकाने वेग राखला नाही हे कारण. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. आजही दोन एंजिनांची लहान विमानं बहुतेक याच कारणाने पडतात आणि अहवालात असंच लिहिलं जातं. दिघ्यांचं लायसन्स गेलं, मुंबईची नेमणूकही गेली. कोरडी फुलं असती तर ते विमान बाभळी ओलांडून गेलंच असतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण शेवटच्या बाभळीचा नुसता शेंडा पंखात अडकला होता. तो मी माझ्या हाताने सोडवला.

दिघे आपली कातडी टोपी आणि हातमोजे न्यायला शेडमध्ये आले तेव्हा मी एकटाच होतो. मला राहवेना. मी सगळं सांगितलं: दोघांनी उचललेली टोपली, कादरभाईंचा प्रश्न, माळ्याचं पाणी, दीडपट वजन. ते उभ्यानेच ऐकत होते.

"हे तुम्हाला चौकशीच्या आधी ठाऊक होतं?"

"आदल्या दिवशी कळलं."

हातमोजे त्यांनी एकावर एक नीट ठेवले. "मिस्त्री, विमान जड आहे हे माझ्या हातांना पट्टीवरच कळत होतं. मी थांबवू शकलो असतो. खिशात तुमचा कागद होता म्हणून हातांवर विश्वास ठेवला नाही. महिनाभर मी या हातांकडे बघतोय, की हे असे कसे खोटं बोलले."

मी म्हणालो, "मी साहेबांना पत्र लिहितो. सगळं लिहितो. फेरचौकशी होईल."

"लिहा," दिघे म्हणाले आणि टोपी घेऊन निघून गेले.

मी कागद घेऊन बसलो. त्या दिवशी बसलो, दुसऱ्या दिवशीही बसलो. लिहिलं असतं तर माझं लायसन्स गेलं असतं, परत रेल्वेच्या कारखान्यात कुणी उभं केलं नसतं, घरात खाणारी सहा तोंडं होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. आपण भित्रे आहोत हे मला त्या दोन दिवसांत कळलं. कागद मी घडी करून ठेवून दिला. पुढे कंपनी बंद झाली, युद्ध आलं, मी दुसरीकडे लागलो आणि नोकरी पुरी करून निवृत्त झालो. कुठेही असलो तरी विमान सुटायच्या आधी दहा मिनिटं सगळं सामान पुन्हा काट्यावर घ्यायचो. विक्षिप्त म्हातारा म्हणून माझी ख्याती झाली. धोंडूशेठ काठी टेकत पुष्कळ वर्षं जगले आणि भेटले की दोन एंजिनांवरून माझी थट्टा करायचे. कादरभाईंनी शेवटपर्यंत तो विषय काढला नाही.

दिघे कुठे गेले ते नक्की कळलं नाही. कुणी म्हणालं इंदूरकडे मोटारींच्या दुकानात बसतात, कुणी म्हणालं आफ्रिकेला गेले. विमानात मात्र ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. आता तीस वर्षं होत आली. मराठी माणूस कुठेही असला तरी दिवाळीला एखादा अंक त्याच्या हाती पडतोच, या भरवशावर मी संपादकांना होकार कळवला. त्यांनी मागितलेली गंमत यात फारशी नाही, याबद्दल त्यांची क्षमा मागतो.

दिघेसाहेब, तुमचे हात खोटं बोलत नव्हते. तुम्ही लिहा म्हणालात, ते आज लिहिलं.